कांजिण्यांचा एकच डोस झालाय, शेजारी कांजिण्या निघाल्यात, नणंद बाळंतपणाला येणार. मदत हवी आहे

आम्ही सेलूला राहतो, परभणी जिल्हा. शेजारच्या लेकराला काल कांजिण्या निघाल्या. माझा पाच वर्षांचा मुलगा परवापर्यंत त्याच्यासोबत एका ताटात जेवत होता. त्याला सव्वा वर्षाचा असताना लसीचा एक डोस दिलाय, कार्डावर दुसऱ्याची जागा रिकामी आहे. ही लस सरकारी लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते, त्यामुळे आमच्याकडे बहुतेकांचा दुसरा डोस राहतोच. धाकटी आठ महिन्यांची, तिला ही लस दिलेलीच नाही.

खरी काळजी नणंदबाईंची. आठवा महिना सरत आलाय, पुढच्या आठवड्यात त्या बाळंतपणाला यायच्या आहेत. त्यांना लहानपणी कांजिण्या आल्याचं सासूबाईंना आठवत नाही. शेजारी दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलाय, आणि सासूबाई म्हणतात, एकदा लस दिलेल्या लेकराला पुन्हा सुई कशाला?

एका डोसनं कितपत भागतं? आता दुसरा देऊन उपयोग होईल का? नणंदबाईंना येऊ द्यावं का? कृपया लवकर सांगा.

लातूरकर आई : माझ्या मुलीला एक डोस घेऊनही कांजिण्या आल्या होत्या. पोटापाठीवर मोजके फोड, पाणीही फारसं धरलं नाही. आधी डास चावलेत असंच वाटलं. ताप नाही. त्याच वेळी तिच्या चुलतभावाला, ज्याला लस नव्हती, डोक्यापासून तोंडाच्या आतपर्यंत फोड. घोटभर पाणी गिळवेना त्याला. त्यामुळे 'लस घेऊनही झाल्याच ना' असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

बालरोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर : ताई, एका डोसनं कांजिण्या होण्याचा धोका साधारण 80 ते 85 टक्क्यांनी कमी होतो, दोन डोसांनी 90 टक्क्यांहून जास्त. गंभीर आजार एका डोसनंही बहुतेक टळतो. लस असूनही झाल्या तर फोड बहुधा पन्नासाच्या आत राहतात. लस नसेल तर अडीचशे ते पाचशेही उठतात. अमेरिकेत 1995 पासून एकच डोस होता, तरी शाळांमध्ये साथी येत राहिल्या, म्हणून 2006 मध्ये दुसरा जोडला.

मुलाला आज-उद्याच दुसरा डोस द्या. संपर्कानंतर तीन, फार तर पाच दिवसांत दिला तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. उशीर झाला तरी द्यावाच, पुढच्यासाठी लागतोच. घरात गरोदर बाई असली तरी मुलाला लस देता येते. धाकटीला मात्र वर्षाच्या आत देत नाहीत, तिच्यावर लक्ष ठेवा.

नणंदबाईंना सध्या आणू नका. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते, आणि संपर्कानंतर 10 ते 21 दिवसांत कधीही कांजिण्या निघू शकतात. प्रसूतीच्या आसपास आईला झाल्या तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून अँटीबॉडीची, म्हणजे अंगात कांजिण्यांविरुद्ध संरक्षण आहे का याची, रक्ततपासणी करून घ्या. गरोदरपणात ही लस देता येत नाही.

ताप आला तर पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन अजिबात नको. नखं कापा. आंघोळ बंद करू नका.

धागाकर्ती : खूप आभार डॉक्टर. दुपारीच डोस दिला. नणंदबाई त्यांच्या घरीच थांबतायत, उद्या तपासणी आहे. सासूबाईच तिकडे जाऊ म्हणतात. त्यांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, कपाळावर वण आहे. त्यांच्यामार्फत तर लागण होणार नाही ना?

बालरोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर : नाही, खुशाल जाऊ द्या. फक्त मुलाला फोड आलेच तर धाकटीसाठी तिथून पुढे पुन्हा 21 दिवस धरा, तोवर तुमच्या दोन्ही लेकरांची नणंदबाईंशी गाठभेट नको. धाकटीला फोड आले आणि ती दूध ओढेना किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.