साइटवरच्या माणसाच्या इमानावर इमारत टिकते का? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पायाभरणी
मुंबईत १६ वर्षं साइटवर काढली. माझं मत ठाम आहे: काम चांगलं होणार की नाही, हे ड्रॉइंगपेक्षा रात्री स्लॅबवर उभ्या असलेल्या माणसाच्या इमानावर ठरतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बोरिवलीत सातव्या मजल्याचा स्लॅब भरत होतो. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, शेवटची गाडी हायवेवर अडकली. पोचली तेव्हा माल भरून तीन तास झालेले. एरवी तो दोन तासांत उतरवायचा असतो. पंप ओढेना, म्हणून ड्रायव्हरनं ड्रममध्ये पाइपनं पाणी सोडलं; त्यानं काँक्रीट कमजोर होतं. सीनियर म्हणाले, "क्यूब भरून झालेत ना? मग घे." क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, संध्याकाळच्या पहिल्या गाडीतून भरलेले. २८ व्या दिवशी रिपोर्ट पास, रजिस्टरवर सही माझी. त्या गाडीनं भरलेल्या कोपऱ्याखाली आज कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे.

पुढे मी दोन गाड्या परत पाठवल्या, एकीपायी साइट सुटली. तरी त्या सहीइतकं काही बोचलं नाही. क्यूब कुठल्या गाडीतून भरला, हे बघायला रात्री दोन वाजता बांधकामाचा कुठलाही कोड येत नाही.

सेंट्रिंग
वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटत नाही. तुमचा पगार ठेकेदार देत होता, वर सीनियर उभा. अशा पोराच्या खांद्यावर अख्खी इमारत ठेवायची? १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, सात जण गेले. आधीच्या ऑडिटात पूल वापरायला योग्य, किरकोळ दुरुस्ती हवी, असं लिहिलेलं. ऑडिटरला नंतर अटक झाली. पण एका सहीवर इतकं विसंबणारी पद्धत हाच माझ्या मते मूळ दोष आहे.

क्यूब भरणारा ठेकेदाराचा माणूस नसावा. गाडीचं चलन (मालाची पावती), माल भरल्याची वेळ आणि क्यूबचा नंबर एकाच कागदावर असावा. एवढं केलं तरी निम्मा प्रश्न सुटेल.

हिशेबवही
मी छोटा ठेकेदार. तुम्ही दोघंही खालच्याच माणसाबद्दल बोलताय. माझं रनिंग बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्यानं मिळणारं) चार-चार महिने अडकतं, पण लेबरची खर्ची दर आठवड्याला द्यावीच लागते. मग वाचवायचं कुठे? क्युरिंगवर, म्हणजे नव्या काँक्रीटला पाणी मारण्यावर. किमान सात दिवस पाणी मारायचं ते तिसऱ्या दिवशी थांबतं, टँकरचे पैसे वाचतात. चूक माझी, मान्य. पण बिल दाबून ठेवणारा साहेब, टक्का मागणारा, सगळ्यात कमी दराचं टेंडर डोळे मिटून उचलणारा क्लायंट, यांचं इमान कुठल्या क्यूबमध्ये भरून तपासायचं?

चौथा मजला
राहणाऱ्यांनाही यात धरा. रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा. पुढे काय? २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईदर्शन इमारत पडली, १७ जण गेले. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप होता. आमच्या सोसायटीत हॉल मोठा करायला भिंत पाडताना कुणी इंजिनिअरला विचारत नाही. मी सेक्रेटरी असताना एकाला अडवलं. दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

पायाभरणी
@सेंट्रिंग, तो कागद हवाच. पण तो भरणारासुद्धा रात्री तिथे एकटाच उभा असणार, आणि त्यानं वेळ खरी लिहिली तरच उपयोग. @हिशेबवही, तुमचं म्हणणं मी आधीच मांडायला हवं होतं. बिल वेळेवर काढणं हाही इमानाचाच भाग आहे, आणि तो वरच्यांचा आहे.

सेंट्रिंग
मग निदान इतकं मान्य करा की गाडी परत पाठवणाऱ्याची साइट सुटता कामा नये. तुमची सुटली, यावर मला सगळ्यात जास्त राग आहे.

पायाभरणी
मान्य.

हिशेबवही
मालाडच्या नव्या कामाच्या कोटेशनमध्ये आज क्युरिंगची वेगळी ओळ टाकली: सात दिवस, टँकरसकट. पार्टी म्हणते, ही ओळ काढा. मी काढलेली नाही. उद्या सकाळी भेट आहे.