बाबांना लिव्हर सिरॉसिस, रिफॅक्झिमिन खरंच लागतं का?

नौपाडाकर: बाबा ६८. गेल्या आठवड्यात पेन्शनच्या फॉर्मवर सही करताना हात असा फडफडायला लागला की सही पार वाकडी, दिवसा झोप नि रात्री टक्क जागे, अॅडमिट केलं तर म्हणे अमोनिया मेंदूला चढलाय. लॅक्टुलोज (पोट साफ करणारं सिरप) होतंच, आता रिफॅक्झिमिन (आतड्यातल्या जंतूंवरची अँटिबायोटिक गोळी) पण दिलंय, महाग आहे हो, खरंच उपयोग होतो का?

ऐरोलीची_मावशी: होतो. २०१० ची ट्रायल आहे, २९९ पेशंट, ६ महिन्यांत परत असा अॅटॅक आला तो गोळीवाल्यांत साधारण २२ टक्क्यांना, प्लासिबोवर (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) ४६ टक्क्यांना. आणि बहुतेक सगळे लॅक्टुलोज पण घेत होते, म्हणजे ते बंद नका करू. दिवसाला २-३ वेळा पातळसर शौचाला झाली पाहिजे, त्यावर डोस जुळवतात.

कोपरी_७७: आमच्याकडे शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून डाळ, अंडी सगळं बंद केलेलं, काकांचे दंड नुसत्या काड्या झाले! स्नायूपण अमोनिया खेचून घेतात, त्यामुळे प्रोटीन उलट हवंच. झोपायच्या आधी काहीतरी खायला द्या.

नौपाडाकर: अरे बापरे, आम्ही पण वरण बंद केलेलं. आईला आत्ताच सांगतो.