तंबूंची जागा: नदीकाठ की वरचा माळ?

अ-१०४ (सहल संयोजक): सर्व सभासदांना नमस्कार. कुटुंबांसह तंबूत राहण्याच्या सहलीसाठी पाहिलेल्या दोन जागांचे फोटो काल ग्रुपवर टाकले आहेत. पहिली जागा नदीच्या अगदी काठाला, वाळूच्या सपाट पट्ट्यावर आहे. दुसरी त्याच नदीपासून पाच-सात मिनिटे चढून गेल्यावर रानाच्या कडेला लागणाऱ्या माळावर आहे आणि तिथपर्यंत गाडी जाते. बहुतेकांनी पहिल्या जागेला पसंती कळवली आहे. नोंदणी करण्यापूर्वी कोणाला काही सुचवायचे असल्यास कृपया आजच लिहावे.

क-३०२: दादा, पहिल्या जागेला माझा स्पष्ट विरोध आहे. फोटो मोठा करून डावीकडची झुडपे पाहावीत. साधारण कमरेच्या उंचीवर वाळलेले गवत, काटक्या आणि प्लास्टिकच्या चिंध्या फांद्यांत गुंतलेल्या आहेत, आणि सगळ्या फांद्या प्रवाहाच्या दिशेने वाकलेल्या आहेत. मागच्या पुराचे पाणी तिथपर्यंत चढले होते, त्याची ही खूण आहे. म्हणजेच ज्या वाळूवर आपण मुलांना घेऊन झोपणार आहोत, ती नदीच्या पात्रातलीच आहे.

वर आकाश निरभ्र असले म्हणून नदी शांत राहील, असे धरून चालता येत नाही. वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडले, तर खाली एक थेंबही न पडता पाणी झपाट्याने वाढते. ७ ऑगस्ट १९९६ रोजी स्पेनमधील बिएस्कास गावाजवळ एका कॅम्पसाइटवर अचानक आलेल्या पुरात ८७ जणांचा मृत्यू झाला. डोंगरातून उतरणारा ओढा जिथे मोकळा होऊन आपला गाळ पंख्यासारखा पसरतो, नेमक्या त्याच सपाटीवर ती कॅम्पसाइट वसवलेली होती. ११ जून २०१० रोजी अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात लिटल मिसूरी नदीच्या काठी माणसे तंबूंत आणि गाड्यांत झोपलेली असताना रात्री पूर आला आणि २० जण दगावले. दोन्ही ठिकाणी रीतसर कॅम्पसाइट होत्या, म्हणून ‘तिथे नेहमीच तंबू लागतात’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

जेमतेम १५ सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी मोठ्या माणसाला पाडू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. म्हणून कोणत्याही जागेविषयी माझा पहिला प्रश्न हाच असतो, की रात्री दोन वाजता, अंधारात, झोपलेले मूल कडेवर घेऊन, कुठेही पाणी न ओलांडता, पायी उंचावर जाता येईल का? पहिल्या जागेचा एकमेव रस्ता ठेंगण्या पुलावरून जातो. पाणी चढले की सर्वांत आधी तोच बंद होईल.

ब-२०१: ताई, मुद्दा गंभीर आहे, हे मान्य. परंतु मुलांना नदी हवी आहे म्हणूनच आपण जात आहोत. माळावर राहिलो तर दिवसभर खाली-वर करावे लागेल, आणि ज्येष्ठांना ते जमणार नाही. हवामानाचा अंदाज कोरडा असेल तर एका रात्रीपुरती पहिली जागा चालणार नाही का?

क-३०२: नाही, दादा, कोरड्या अंदाजावरही मी तिथे मुलांना झोपवणार नाही, कारण तो अंदाज बहुधा आपल्या ठिकाणाचा असतो आणि पाणी येते ते वरून. नदीवर मात्र आपण जरूर जाऊ. तंबूच्या दारातच पाणी असले, तर लहान मुलांवर जेवताना, आवरताना, अगदी पहाटे मोठ्यांना जाग येण्याआधीही लक्ष ठेवावे लागते. पाणी थोडे दूर असले, की नदीवर जाणे हा ठरवून करायचा कार्यक्रम होतो. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. त्यामुळे लहान मुले हाताच्या अंतरावरच हवीत, आणि ज्यांच्याकडे लक्ष ठेवण्याचे काम आहे त्यांच्या हातात त्या वेळी फोन नसावा. मुलांना उतरवायचे तर नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला, कारण तिथे वाळू साचून पाणी सहसा उथळ असते; बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ पोखरतो आणि पाणी एकदम खोल होते. पाणी अचानक गढूळ झाले, त्यातून पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा आवाज वाढला, तर सामान तिथेच सोडून सर्वांनी वर यायचे.

ज्येष्ठांच्या दृष्टीनेही माळच बरा. थंड हवा जड असल्याने रात्री ती खोऱ्याच्या तळाशी साचते, आणि काठावरच्या तंबूंना पहाटे आतून पाणी सुटते. स्वच्छतेचाही प्रश्न आहेच: तंबू, भांडी धुणे आणि शौचाची जागा पाण्यापासून किमान ६० मीटर दूर असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. वाळूच्या त्या अरुंद पट्ट्यावर तो पाळताच येणार नाही.

ड-४०३: माझाही कौल माळालाच आहे, मात्र माळावर तंबू नेमके कुठे लावायचे, हे तितक्याच काळजीने ठरवावे. फोटोत उजवीकडे जे मोठे झाड दिसते, त्याची एक वाळलेली फांदी मोडून दुसऱ्या फांदीवर अडकून राहिली आहे. वारा नसतानाही अशी फांदी खाली येते, त्यामुळे त्याच्या सावलीचा मोह नको. खोडाला अळंबी फुटलेली किंवा मुळांशी माती उचकटलेली झाडेही टाळावीत. मधल्या खोलगट भागात चिखल वाळून भेगा पडलेल्या दिसतात, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच साचते. उंच गवतात गोचीड असतात. रानातून पाण्याकडे उतरणारी मळलेली पायवाट असेल, तर ती जनावरांची समजून मोकळी सोडावी. विजेपासून तंबू अजिबात संरक्षण देत नाही. वीज चमकल्यानंतर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून सर्वांनी काचा बंद करून गाडीत बसावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. गाडी माळापर्यंत जाते, हा त्या जागेचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो.

ब-२०१: काका, ताई, पटले. माझे मत मी माळाला देतो. आईंना नदीवर गाडीने नेऊन आणू.

अ-१०४ (सहल संयोजक): सर्वांचे आभार. बहुमत आता दुसऱ्या जागेकडे झुकले आहे, तरी नोंदणी मी जागा प्रत्यक्ष पाहिल्यावरच करतो. जागेच्या व्यवस्थापकांना विचारण्यासाठी तीन प्रश्न लिहून घेतले आहेत: नदीवर वरच्या बाजूला धरण आहे का, पाणी सोडण्यापूर्वी सूचना कोण आणि कशी देते, आणि माळावर फोनला रेंज असते का. क-३०२ च्या ताई आणि ड-४०३ चे काका, आपण दोघांनी रविवारी माझ्यासोबत यावे, अशी विनंती आहे. आपण दुपारीच निघू, म्हणजे अंधार पडल्यावर माळावरून गाडीपर्यंतची वाट टॉर्च घेऊन एकदा चालून पाहता येईल.