मदत हवी आहे : टीबी नाही तरी टीबीच्या गोळ्या? भावाचं इंजेक्शन अडकलंय

भीमाकाठ
धाकट्या भावाचं इंजेक्शन सुरू व्हायचं होतं. पैशांची सोय झाली, घरचे तयार झाले, आणि आता डॉक्टर म्हणतात टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आहे, आधी टीबीच्या गोळ्या घ्या, मग बघू. एक्स-रे स्वच्छ आहे. खोकला नाही. मग टीबी आला कुठून? सकाळी त्याला अंथरुणातून उठवायला आधार द्यावा लागतो आणि हे म्हणतात थांबा. सायटोकाइन, टीएनएफ असं काहीतरी सांगितलं, पण बाहेर एवढी गर्दी होती की आम्हाला दोन मिनिटांत उठवलं. पंढरपूरहून पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो तर इंजेक्शन लगेच सुरू करतील का? रिपोर्ट चुकीचा असू शकतो का? कृपया लवकर सांगा.

कातळवाट
भाऊ, इंजेक्शन कोणतं? आजार कोणता? वय काय? टेस्ट हातावर टोचून केली की रक्त घेतलं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

अडुळसा
प्रतिकारशक्ती कमी झाली की हे सगळं मागे लागतं. गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ सुरू करा. माझ्या मेव्हण्याचे गुडघे याच काढ्याने मोकळे झाले. इंजेक्शनच्या नादी लागू नका, एकदा सुरू केलं की सुटत नाही.

भीमाकाठ
वय २९. आजार पाठीचा, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. इंजेक्शन अ‍ॅडालिमुमॅब, दर पंधरा दिवसांनी. टेस्ट रक्ताची, टीबी गोल्ड. बाकी तब्येत ठीक आहे. आता सांगा.

रेवदंडा
मलाही हाच आजार आहे, एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेला जनुक) पॉझिटिव्ह. डॉक्टरांना सांगा टीएनएफवालं इंजेक्शन नकोच, सेक्युकिनुमॅब द्या. ते आयएल-१७ नावाचं दुसरं सायटोकाइन अडवतं, टीएनएफला हात लावत नाही, म्हणजे टीबीची भानगडच नाही. माझी पाठ महिन्याभरात हलायला लागली. उगाच गोळ्यांमध्ये वेळ घालवू नका.

सूक्ष्मदर्शी
मी प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. पण रिपोर्टबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहिते.

टीबी गोल्डमध्ये जंतू शोधत नाहीत. तुमच्या भावाच्या रक्तात क्षयाच्या जंतूची दोन प्रथिने मिसळून ते १६ ते २४ तास उबवतात. त्याच्या टी-पेशींनी पूर्वी कधी हा जंतू पाहिलेला असेल तर त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं सायटोकाइन सोडतात, आणि आम्ही ते मोजतो. ०.३५ किंवा त्याहून जास्त आलं की साधारणपणे पॉझिटिव्ह धरतात. ती दोन प्रथिने बीसीजीच्या लसीत नसतात, त्यामुळे लहानपणच्या लशीने ही टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही. हातावरच्या मांटू टेस्टचा तो मोठा घोळ इथे होत नाही.

म्हणजे टेस्ट एवढंच सांगते की जंतू शरीराच्या ओळखीचा आहे. तो आता झोपलेला आहे की जागा, हे ती सांगू शकत नाही. आकडा किती आलाय? अगदी काठावर असेल तर पुन्हा करायला सांगतात. ०.३६ आणि ३.६ दोन्हीवर पॉझिटिव्हच छापून येतं, म्हणून नुसता शेरा वाचू नका.

आणि घरात कुणाला टीबी झाला होता का?

भीमाकाठ
आकडा २.४ आहे. घरात आत्याला झाला होता, ती आमच्याकडे राहूनच औषधं घेत होती. कोर्स पूर्ण केला, आता ठणठणीत आहे. त्याचा इथे काय संबंध? भावाला कधीच काही झालं नाही.

सूक्ष्मदर्शी
संबंध आहे. २.४ काठावरचा आकडा नाही आणि एकाच घरात राहणं झालेलं आहे. हा रिपोर्ट चुकीचा निघेल अशी आशा मी तरी ठेवणार नाही.

आता टीएनएफ. पेशी एकमेकींना हुकूम देण्यासाठी जी छोटी प्रथिने सोडतात ती सायटोकाइन. टीएनएफ त्यातलंच एक, मुख्यतः मॅक्रोफेज नावाच्या पेशी ते तयार करतात. भावाच्या मणक्यात आणि माकडहाडाच्या वरच्या सांध्यात जी सूज आहे ती पेटती ठेवण्यात याचा मोठा वाटा असतो, म्हणून ते अडवलं की पाठ मोकळी होते. पण हेच टीएनएफ दुसरीकडे कामावर असतं. क्षयाचा जंतू शरीरात शिरला आणि मारता आला नाही, तर पेशी त्याच्याभोवती वेढा घालून बसतात, गडाला घालतात तसा. त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. हा वेढा टिकवायला टीएनएफ सतत लागतं. इंजेक्शनने ते काढून घेतलं की वेढा सैल पडतो.

हे पुस्तकी नाही. इन्फ्लिक्सिमॅब हे याच जातीचं औषध १९९८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं आणि २००१ पर्यंत ते घेणाऱ्यांमधल्या टीबीच्या ७० केसेस एकत्र करून छापल्या गेल्या. त्यातल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांतच टीबी उफाळला होता. त्या लेखानंतर आधी टेस्ट, मग इंजेक्शन ही रीत पक्की झाली. तुमच्या डॉक्टरांनी अडवणूक केलेली नाही.

पंख_जुने
सायटोकाइन म्हणजे तेच ना, कोविडमध्ये ज्याचं वादळ यायचं? एप्रिल २०२१ मध्ये मामांसाठी टॉसिलिझुमॅब शोधत आम्ही तीन जिल्हे पालथे घातले होते. ते मिळालं असतं तर वाचले असते का, हे अजून मनातून जात नाही.

कातळवाट
पंख, तुमचं दुःख समजतं. टॉसिलिझुमॅब आयएल-६ या वेगळ्या सायटोकाइनची वाट अडवतं, ते टीएनएफवर काम करत नाही. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत फेब्रुवारी २०२१ मध्ये दिसलं की ऑक्सिजन लागणाऱ्या आणि सीआरपी (रक्तातलं सुजेचं माप) वाढलेल्या रुग्णांत, बहुतेकांना स्टेरॉइड चालू असताना, त्याने मृत्यू कमी झाले. पण थोडेच कमी झाले, सगळे वाचले नाहीत. त्याआधी जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने फरक पडतो हे कळलं होतं, आणि ते तर तालुक्याच्या दुकानातही मिळत होतं. एक इंजेक्शन मिळालं नाही म्हणून माणूस गेला, असं ठरवू नका.

अडुळसा
वादळ येतं कारण आतून माणूस पोकळ असतो. पुन्हा सांगतो, प्रतिकारशक्ती वाढवा.

सूक्ष्मदर्शी
अडुळसा, इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. याच्या भावाची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मणक्यावर चालून गेली आहे. ती आणखी वाढवून काय साधणार? आणि गुळवेलीबद्दल : २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही खरं. पण आयसोनियाझिड ही टीबी टाळायची गोळी मुळातच यकृतावर ताण देणारी आहे. दोन्ही एकत्र घ्यायला सांगू नका.

अडुळसा
आमच्या आज्या-पणज्यांनी हाच काढा घेतला, कुणाचं यकृत गेलं नाही. तुम्ही लॅबवाले फक्त रिपोर्ट बघता.

वेरूळकर
गादी कोणती वापरता? कापसाची पातळ गादी आणि डी जीवनसत्त्व, एवढ्यावर माझी पाठदुखी गेली.

केतकी_लीड्स
नमस्कार. मी इकडे इंग्लंडमध्ये संधिवाताच्या विभागात नर्स आहे, मूळची मिरजेची. इकडेही टीबीची तपासणी झाल्याशिवाय अ‍ॅडालिमुमॅबचा पहिला डोस देत नाही.

रेवदंडा, तुम्हाला सेक्युकिनुमॅबने गुण आला हे छानच. त्यात टीबीचा धोका टीएनएफवाल्यांपेक्षा कमी दिसतो हेही बरोबर. पण त्याआधीसुद्धा टीबी तपासतात आणि सुप्त, म्हणजे झोपलेला टीबी निघाला तर बहुतेक ठिकाणी त्यावर उपचार सुरू करूनच पुढे जातात. शिवाय आतड्याला क्रोन्ससारखी सूज असेल तर आयएल-१७ अडवल्याने ती बिघडू शकते.

भीमाकाठ दादा, मला थेट उत्तरं हवीत. भावाचा डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, उजेड सहन न होण्याइतका? जुलाब, शौचातून रक्त? वजन कमी झालंय? संध्याकाळचा ताप, रात्री घाम, मानेला गाठ?

रेवदंडा
ताई, मला कुणीही टीबीच्या गोळ्या दिल्या नाहीत आणि मी व्यवस्थित आहे. सगळ्यांना घाबरवण्यात अर्थ नाही.

केतकी_लीड्स
तुमची टेस्ट निगेटिव्ह असेल तर गोळ्यांचा प्रश्नच नव्हता. यांची पॉझिटिव्ह आहे.

रेवदंडा
माझी निगेटिव्ह होती हे खरं. पण मग एटानरसेप्ट तरी विचारा ना. तेही टीएनएफच अडवतं आणि त्यात टीबी कमी होतो असं मी वाचलंय.

भीमाकाठ
डोळा दोनदा लाल झाला होता. डोळ्यांची साथ होती म्हणून थेंब घातले, गेलं. पोट ठीक आहे. वजन सहा किलो उतरलंय, पण दुखण्याने जेवण जात नाही म्हणून. संध्याकाळी अंग तापतं कधीकधी, आजाराचाच ताप असणार. हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्हीही काढलं नाही. पण माझा प्रश्न वेगळा आहे. गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतील आणि इंजेक्शन कधी मिळेल?

केतकी_लीड्स
दादा, मला त्या प्रश्नापेक्षा वजनाची आणि तापाची काळजी जास्त वाटते. आजच फोन करून डॉक्टरांना सांगा.

सुप्त टीबीला एकट्या आयसोनियाझिडसारखी गोळी चालते. पण टीबी जागा असेल तर सुरुवातीला चार औषधं एकत्र लागतात. जागा टीबी समजून न घेता एकच गोळी दिली तर जंतू त्या गोळीला दाद देईनासा होतो, मग पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधीच टीबी जागा नाही याची खात्री हवी. सहा किलो वजन आणि संध्याकाळचा ताप स्पॉन्डिलायटिसमध्येही असू शकतो, पण टेस्ट पॉझिटिव्ह असताना 'आजाराचाच असणार' हे घरात ठरवू नका.

डोळ्याचंही सांगा. या आजारात डोळ्याच्या आत सूज येते, तिला यूव्हिआयटिस म्हणतात, आणि ती थेंबांनी तात्पुरती शमते. तसं असेल तर अ‍ॅडालिमुमॅबची निवड योग्यच आहे. एटानरसेप्ट डोळ्यासाठी तितकं उपयोगी पडत नाही.

सूक्ष्मदर्शी
केतकींना पुस्ती जोडते. एक्स-रे स्वच्छ म्हणून निश्चिंत राहू नका. मी वर ज्या ७० केसेस लिहिल्या त्यातल्या ४० जणांचा टीबी फुफ्फुसाबाहेर होता. आणि मणक्याचाही टीबी असतो, त्यातही पाठच दुखते! भावाचा एमआरआय झालाय का? कशाचा?

भीमाकाठ
एमआरआय गेल्या वर्षी झाला. माकडहाडाजवळच्या दोन्ही सांध्यांना सूज आहे असं लिहिलंय. वरच्या मणक्यांचा केलेला नाही.

सूक्ष्मदर्शी
दोन्ही बाजूंना सारखी सूज हे स्पॉन्डिलायटिसलाच धरून आहे, त्यामुळे निदानावर मी शंका घेत नाही. पण वर्ष झालंय. ताप आणि वजनाचं कळल्यावर वरचा भाग बघायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. फाइल घेऊन जा, जुन्या सीडीसकट.

पंख_जुने
उगाच विचारतो, टीएनएफ अडवायचं हे सुचलं कुणाला?

कातळवाट
लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींद्र मैनी यांना. मैनी मूळचे लुधियानाचे. १९९२ मध्ये त्यांनी संधिवाताच्या रुग्णांना पहिल्यांदा हे औषध देऊन पाहिलं. तोवर बहुतेकांचं म्हणणं होतं की सांध्यात इतकी सायटोकाइन्स असताना एकच अडवून काय होणार? त्यांनी प्रयोगशाळेत सांध्याच्या पेशींवर दाखवलं की टीएनएफ थांबवलं की मागची बरीच सायटोकाइन्सही खाली येतात. वैद्यकीय संशोधनासाठीचा २००३ चा लास्कर पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

भीमाकाठ
फोन केला. ताप आणि वजनाचं ऐकून सोमवारी बोलावलंय. छातीचा सीटी, यकृताच्या तपासण्या आणि डोळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी सांगितली आहे. गोळ्या अजून सुरू करू नका म्हणाले. म्हणजे अजून उशीर. तोवर त्याने दुखणं कसं सोसायचं? आणि आई त्याला दिवाळीपासून गुळवेलीचा काढा देतेय, तेही सांगायचं का?

केतकी_लीड्स
काढ्याचं नक्की सांगा, आणि रक्त देण्याआधी सांगा. यकृताचा रिपोर्ट बिघडलेला आला तर कशाने बिघडला हे त्यांना कळायला हवं. आईंना रागावू नका, फक्त सोमवारपर्यंत थांबवायला सांगा.

दुखण्यासाठी सध्याची सुजेची गोळी पूर्ण डोसमध्ये चालू आहे का, की दुखेल तेव्हाच घेतो, हे त्यांना विचारून घ्या. पुष्कळजण अर्धवट घेतात. सकाळी गरम पाण्याने अंघोळ आणि मग ताणाचे व्यायाम. दिवसभर झोपून राहिला तर पाठ आणखी आखडेल.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर : सीटी स्वच्छ आला आणि सुप्तच टीबी ठरला, तर साधारण महिनाभर गोळ्या झाल्या की इंजेक्शन सुरू करता येतं, कोर्स संपायची वाट बघावी लागत नाही. कोर्स एकतर रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन असे १२ डोस.

सूक्ष्मदर्शी
यातल्या कोर्सचं सरकारी बाजूनेही विचारा. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत टीएनएफ अडवणारी औषधं घेणाऱ्यांचा समावेश आहे आणि हे दोन्ही पर्याय त्यात आहेत. पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात क्षयरोग विभागात पुण्याची चिठ्ठी दाखवा. गोळ्या तिथून मिळाल्या तर तेवढ्यासाठी पुण्याला जायला नको.

भीमाकाठ
महिनाभर चालेल. सहा महिने थांबायचं असं समजून घरात रडारड झाली होती. गोळ्या सुरू झाल्यावर घरी काय बघायचं?

केतकी_लीड्स
भूक एकदम जाणं, मळमळ, उलटी, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी फोन करायचा. हातापायाला मुंग्या आल्या तर बी६ जीवनसत्त्वाची गोळी दिलीय का ते विचारायचं. आयसोनियाझिड चालू असेपर्यंत दारू अजिबात नाही. आणि इंजेक्शन सुरू झाल्यावरही ताप दोन-तीन दिवसांवर गेला तर पुढचा डोस घरच्या घरी टोचू नका, आधी दाखवा.