जे हसचा ‘कॉमन सेन्स’ : हा ठेका हातात कसा बसवायचा?

चेंदणीकर
मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. हळदी-लग्नांत बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो, बारा वर्षं झाली. दिवसा रबाळे एमआयडीसीत नोकरी. मागच्या महिन्यात मोबाईलवर ‘फिशरमन’ असं गाण्याचं नाव दिसलं, नाव आपलं म्हणून लावलं. निघालं लंडनच्या जे हस या रॅपरचं, २०१७ च्या ‘कॉमन सेन्स’ अल्बममधलं. तेव्हापासून त्यातली सतराच्या सतरा गाणी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत जाता-येता ऐकतोय.

शब्द अर्धेही कळत नाहीत. पण हा माणूस बोलता बोलता गायला लागतो आणि परत बोलण्यावर येतो, मधला सांधा सापडत नाही. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवला, म्हणजे विधीची गाणी, म्हणते तेव्हा असंच होतं. माझ्या आजीच्या मांडीवर बसून ऐकलेलं ते, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा आला.

अडचण हाताची आहे. आमची गाणी सहा मात्रांच्या चालीतली, उजवा हात त्यातच मुरलाय. अल्बममधलं ‘डिड यू सी’ लावून डब्याच्या झाकणावर धरायला जातो, आणि ऐरोली येईस्तोवर मी ते ओढून सहात आणलेलं असतं. कुणी नीट समजावेल का?

कोपरखैरण्याचा बीटवाला
दादा, सहा विसर, आठ मात्रा मोज. आठाचे तीन-तीन-दोन असे तुकडे पाड. म्हणजे पहिली, चौथी, सातवी. जे हसच्या गाण्यांत अफ्रोबीट्स, म्हणजे पश्चिम आफ्रिकेकडचं आजचं नाचाचं संगीत, मिसळलंय. अशा बऱ्याच गाण्यांत खालचा किक (पायाने वाजणारा जाड ठोका) सरळ चालतो आणि वरचा रिम (ड्रमच्या कडेचा ठोका) किंवा टाळी अशी तिरकी पडते. या दोघांच्या ओढाताणीतच कंबर हलते. हिपहॉपमध्ये टाळी सहसा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठाम बसते, म्हणून तिथे मान हलते.

आणि अल्बमचं श्रेय एकट्या जे हसला देऊ नकोस. बहुतेक गाणी जेफाइव्ह या निर्मात्याने बांधलीत. त्याचं मूळ घानाचं, जे हसची आई गांबियाची. मग त्यांच्या हातून पश्चिम आफ्रिका आणि लंडन एकाच गाण्यात आली तर त्यात नवल ते काय! ‘गुड टाइम’मध्ये नायजेरियाचा गायक बर्ना बॉयही आहे.

नेरूळहून
नायजेरियाचा फेला कुटी ऐका आधी. अफ्रोबीट त्याचंच.

कोपरखैरण्याचा बीटवाला
ऐकायलाच हवा, पण ते वेगळं. अफ्रोबीट, शेवटी ‘स’ नाही, ते फेला कुटी आणि ड्रमर टोनी ॲलन यांचं, सत्तरच्या दशकातलं. मोठा वाद्यवृंद, एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारं. अफ्रोबीट्स हे नंतरचं, तीन-साडेतीन मिनिटांचं, बरंचसं संगणकावर घडणारं. नाव जवळचं आहे म्हणून दोन्ही एक समजलं, तर दोघांवरही अन्याय होतो.

घणसोलीची मृदंगवाली
चेंदणीकर दादा, वारकरी भजनाला बसला असाल तर तुम्हाला हे येतंच. भजनी ठेका आठ मात्रांचाच, तो धरा आणि पहिली, चौथी, सातवी एवढ्यांवरच जोर द्या. बाकीच्या मात्रा बोटांनी नुसत्या स्पर्शून सोडा.

चेंदणीकर
ताई, तुमचे उपकार. रविवारी मंडळाच्या खोलीत करून पाहिलं. ढोलकीवाल्या काकांना काही न सांगता फक्त भजनी धरायला सांगितला, मी पॅडवर तीनच ठोके. चौथ्या आवर्तनाला काका डोळे मिटून डोलायला लागले. मग वर ‘डिड यू सी’ लावलं. बसलं! फक्त डाव्या पायाने किक सरळ ठेवला की सातवी मात्रा लवकर पडते, घाई होते.

घणसोलीची मृदंगवाली
आठवी मात्रा तोंडाने म्हणा आणि तिथे हात हवेत थांबवा. घाई आठवीची असते, सातवीची नाही. निम्म्या लयीत आठवडाभर करा.