सांगणाराच चकवतो तेव्हा : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या घरी तीन रात्री लाइट नव्हते. विजेरीच्या उजेडात अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' वाचून काढली. कादंबरी १९२६ची. शेवट कळल्यावर तशीच उठून पुन्हा पहिल्या पानावर गेले. धडधडीत खोटं कुठे सापडेना. जे गाळलं होतं, ते मीच मनाने भरून घेतलं होतं. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून तुम्ही कधी असे फसलात? पुस्तकातलं सांगा, घरातलंही सांगा.

चिपळूणहून
'द गर्ल ऑन द ट्रेन'मधल्या रेचलला दारूमुळे गुन्हा घडला त्या रात्रीचं काही आठवत नाही. वाचताना मी तिच्यावर फार चिडले होते. एवढी मोठी गोष्ट माणूस विसरेल कसा?
२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं. देवघरातली समई मी माळ्यावर नेली, हे मला लख्ख आठवतं. हाताला लागलेलं तेल, जिन्याची ओली तिसरी पायरी, पायाखालचा गार चिखल. दादा म्हणतो, समई मी नेली. तोही तीच तिसरी पायरी सांगतो. दोन वर्षं आम्ही यावर भांडलो. मग शेजारच्या काकूंच्या मोबाइलमध्ये एक फोटो निघाला, त्यांनी आमच्या माळ्यावरूनच काढलेला. समई आईच्या हातात आहे. मी आणि दादा जिन्याखाली उभे राहून वर बघतोय.
फोटो शंभरदा पाहिला. तेलाचा बुळबुळीतपणा बोटांवरून अजून जात नाही.

कुडाळहून
आजोबा दशावतार बघून परतताना चकव्यात सापडले होते. एकच फणस तीनदा लागला. उजाडल्यावर कळलं, आपल्याच घराच्या गडग्याबाहेर, दगडी कुंपणाबाहेर, फिरत होते. चांगला लेखक तो फणस वाचकालाही तीनदा दाखवतो, आपलंच लक्ष नसतं. हल्लीच्या काही कादंबऱ्या मात्र शेवटच्या वीस पानांत निवेदकाला स्मृतिभ्रंश देऊन मोकळ्या होतात. त्याला मी फसवणूकच म्हणेन.

अलिबागहून
मी शाळेत शिकवते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४चा प्रयोग वाचल्यापासून मुलांच्या भांडणात प्रश्न विचारताना जपते. लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना जोरदार आदळल्या असा शब्द वापरला. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. आता मी 'त्याने तुला ढकललं का?' असं विचारत नाही. 'काय झालं, सांग' एवढंच.

मालवणहून
'मेमेंटो' हा सिनेमा २००० सालचा. त्यातल्या लेनर्डच्या डोक्यात नवी आठवण टिकत नाही, म्हणून तो फोटोंवर लिहून ठेवतो, अंगावर गोंदून घेतो. कॉलेजात मला तो कोडं म्हणून आवडला होता. आता बाबांना विसरण्याचा आजार आहे. जेवून उठतात, पंचाला हात पुसतात आणि दहा मिनिटांनी म्हणतात, "चेडवा, माका आज कोणीच जेवाक वाढूक नाय." आधी मी ताट दाखवून वाद घालायचे. डॉक्टरांनी समजावलं की ते खोटं बोलत नाहीत, रिकामी पडलेली जागा मन हाताला लागेल त्याने भरतं. तेव्हापासून असे निवेदक वाचताना मला राग येत नाही, पोटात कालवतं.
परवा म्हणाले, सकाळी रापण ओढली, बांगडो मायंदाळ गावलो. वीस वर्षांत ते रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढायला, गेलेले नाहीत. कोण कोण होतं, विचारलं. चार नावं घेतली, चौघंही वारलेले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू होतंस मा, घमेला घेवन."
लहानपणी मी कधी घमेलं घेऊन रापणीवर गेले होते का? त्या रात्रीपासून आठवतेय. ओली वाळू आठवते, घमेल्याचा गंजका काठ आठवतो. पण हे माझं की बाबांनी दिलेलं, मला सांगता येत नाही.