अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की लाल दिवा, आवाज नाही

रावेरवाला: भो, पिकअपमधला चार चॅनेलचा अ‍ॅम्प चावी फिरवली की दोन सेकंद हिरवा, मग लाल. फ्यूज शाबूत. सीटमागं बसवलाय, केळीच्या खेपांमुळे धूळ आणि हादरे भरपूर. दुकानदार म्हणतो नवा घ्या. आधी काय तपासू?

भुसावळकर: लाल म्हणजे प्रोटेक्शन, दोष दिसला की अ‍ॅम्प जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. स्पीकरच्या सगळ्या तारा काढून चालू कर. हिरवा राहिला तर दोष बाहेर. दाराच्या बिजागरीपाशी तार सोलून पत्र्याला लागलेली असते.

रावेरवाला: काढल्या, तरी लाल. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, अ‍ॅम्पवर 12.4.

धुळ्याचा सोल्डरवाला: मग सप्लाय आणि अर्थिंग ठीक, रोग आत आहे. झाकण उघड. मल्टिमीटर बीपवर ठेवून आउटपुट ट्रान्झिस्टरचे (स्पीकरला ताकद देणारे तीन पायांचे भाग) पाय तपास, कलेक्टर-एमिटर म्हणजे मधला आणि कडेचा एमिटर पाय यांच्यात वाजलं तर शॉर्ट. मग जोडीनं बदल, एकटा टाकलास तर पैसे पाण्यात. शिवाय प्रत्येकाचा मधला पाय (तो आतून बॉडीच्या धातूला जोडलेला असतो) आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, यांच्यात बीप येता कामा नये. हे बरेच जण विसरतात, मीही एकदा दोन दिवस डोकं फोडलं होतं. पुन्हा चालू करताना पॉझिटिव्ह तारेत इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लाव. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे, लगेच बंद कर.

रावेरवाला: सापडलं! ट्रान्झिस्टर सगळे चांगले. एकाचा स्क्रू हादऱ्यांनी ढिला, खालचा अभ्रक (वीज अडवणारी पातळ चकती) फाटून बॉडी हीटसिंकला टेकली होती. नवा अभ्रक, थोडी उष्णता वाहणारी पेस्ट, स्क्रू घट्ट. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, दिवा हिरवा. आता सीटमागून काढून फळीवर, खाली रबर लावून बसवतोय.

भुसावळकर: आणि धूळ ब्रशनं झाड रे, फुंकू नको. थुंकी उडते.